सरखेल कान्होजी आंग्रे

कर्जतहून कोंदिवड्याच्या रस्त्याने निघाले, की समोर सह्याद्रीची उंच भिंत उभी राहते. आकाश स्वच्छ असेल, तर तिच्या माथ्यावर जवळजवळ असलेली दोन शिखरे दिसतात. तो राजमाची किल्ला. एका शिखराचे नाव श्रीवर्धन आणि दुसऱ्याचे मनरंजन. खोपोलीहून बोरघाट चढून देशावर जाणाऱ्या वाटेवर या किल्ल्याची नजर असे. म्हणून ज्याच्या हाती राजमाची, त्याच्या हाती घाटाच्या दरवाजाची किल्ली, असे समजले जाई.

सुमारे तीनशे वर्षांपूर्वी ही किल्ली एका दर्यावर्दी वीराच्या हाती होती. त्यांचे नाव कान्होजी आंग्रे. समुद्रावर पराक्रम गाजवणाऱ्या या वीराला डोंगरातला किल्ला कशासाठी हवा होता? हे समजण्यासाठी त्या काळातील यादवी समजून घेतली पाहिजे.

यादवी म्हणजे आपसांतील युद्ध. महाभारतातील यादव एकमेकांशी लढून नाश पावले, त्यावरून हा शब्द मराठीत आला. उर्दूत आपण याला खानाजंगी म्हणतो. 'खाना' म्हणजे घर. घरातल्या घरात पेटलेली लढाई ती खानाजंगी. शब्द दोन असले, तरी दुःख एकच आहे.

कान्होजींचा जन्म इ. स. १६६९ च्या सुमारास झाला. त्यांचे वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. हर्णैजवळच्या सुवर्णदुर्ग किल्ल्याच्या परिसरात कान्होजी लहानाचे मोठे झाले. भरती-ओहोटी, वारे, खडक आणि खाड्या यांचे ज्ञान त्यांना लहानपणीच मिळाले. अंगच्या धाडसामुळे ते आरमारात वर चढत गेले आणि इ. स. १६९८ च्या सुमारास मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख झाले.

या पदाला सरखेल म्हणत. हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटेल. फारसीत 'सर' म्हणजे प्रमुख आणि 'खैल' म्हणजे जथा. कान्होजींनी अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर आपले मुख्य ठाणे केले. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी आपले दस्तक, म्हणजे परवाना, घेतलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. मुंबईचे इंग्रज, गोव्याचे पोर्तुगीज आणि जंजिऱ्याचे सिद्दी यांना हे मान्य नव्हते. इंग्रज तर त्यांना चाचा म्हणत. पण कान्होजी स्वतःला लुटारू समजत नसत. आपण आपल्या राज्याच्या समुद्राचे रखवालदार आहोत, अशी त्यांची भूमिका होती.

पण राज्य कोणाचे? हाच प्रश्न त्या वेळी निर्माण झाला होता.

इ. स. १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला. त्याच वर्षी रायगड मुघलांच्या ताब्यात गेला. संभाजी महाराजांचे सात वर्षांचे पुत्र शाहू आणि त्यांची आई येसूबाई मुघलांच्या कैदेत सापडले. संभाजी महाराजांचे धाकटे भाऊ राजाराम यांनी राज्य सांभाळले. इ. स. १७०० मध्ये तेही वारले. मग त्यांच्या राणी ताराबाई यांनी आपल्या लहान मुलाला गादीवर बसवले आणि औरंगजेबाशी सात वर्षे मोठ्या हिमतीने झुंज दिली.

इ. स. १७०७ मध्ये औरंगजेब बादशहा अहमदनगर येथे मरण पावला. दिल्लीच्या तख्तासाठी त्याच्या मुलांमध्ये लढाया सुरू झाल्या. आझमशहा सैन्य घेऊन उत्तरेकडे निघाला असता वाटेत शाहूंची सुटका झाली. शाहू परत गेले म्हणजे मराठे आपसांत लढतील, असा मुघलांचा हिशोब होता. तो हिशोब बरोबर ठरला.

शाहू म्हणत, की आपण थोरल्या भावाचे पुत्र, म्हणून गादी आपली. ताराबाई म्हणत, की आम्ही लढून राज्य राखले, म्हणून ते आमचे. दोघांच्याही म्हणण्यात काही अर्थ होता. यादवीची कठीण गोष्ट हीच असते. दोन्ही बाजूंची माणसे स्वतःला खरी समजतात. त्यात काही सरदारांना आपले वतन वाचवायचे होते, तर काहींना नवे मिळवायचे होते. त्यामुळे भांडण अधिकच वाढले.

ऑक्टोबर १७०७ मध्ये खेड येथे दोन्ही सैन्ये समोरासमोर आली. ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि शाहूंचा जय झाला. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला. ताराबाई पन्हाळ्यास गेल्या. एका राज्यात दोन राजे, दोन दरबार आणि दोन हुकूम झाले. काही वर्षांनी धनाजींचे पुत्र चंद्रसेन शाहूंना सोडून ताराबाईंकडे गेले. कालचा मित्र आज शत्रू होत होता. गावच्या पाटलाने कोणाचा हुकूम मानावा, हे त्यालाही कळेना.

या युद्धाला धर्माचे कारण नव्हते. लढणारे एकाच घराण्याचे होते. त्यांची भाषा एक होती आणि दोघेही एकाच शिवाजी महाराजांचे नाव घेत होते.

कान्होजी ताराबाईंच्या बाजूने राहिले. कोकणचा किनारा त्यांच्या हाती होता. त्यांनी घाट चढून देशावर यायचे ठरवले, तर शाहूंच्या राज्याला मोठा धोका होता. इ. स. १७१३ मध्ये शाहूंनी आपले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कान्होजींवर पाठवले. कान्होजींनी त्यांचा पराभव केला आणि खुद्द पेशव्यांनाच कैद केले. लोहगड, राजमाची आणि घाटाच्या वाटा कान्होजींच्या हाती आल्या. आता ते साताऱ्यावर चालून येणार, अशी भीती निर्माण झाली.

अशा वेळी शाहूंनी एका शांत आणि हुशार माणसाची निवड केली. त्यांचे नाव बाळाजी विश्वनाथ. ते मूळचे श्रीवर्धनचे, म्हणजे कोकणातलेच. कोकणची माणसे आणि त्यांच्या अडचणी ते ओळखून होते. नोव्हेंबर १७१३ मध्ये त्यांना पेशवेपद मिळाले. सैन्य घेऊन ते निघाले खरे, पण त्यांनी तलवारीआधी बोलणी सुरू केली. एकीकडे सिद्दी, दुसरीकडे इंग्रज आणि तिसरीकडे पोर्तुगीज असताना घरात लढून दोघांचेही नुकसान होईल, हे त्यांनी कान्होजींना पटवून दिले.

इ. स. १७१४ च्या आरंभी तह झाला. कान्होजींनी ताराबाईंचा पक्ष सोडून शाहूंना छत्रपती मानले. बहिरोपंतांना सोडून दिले. घाटावर जिंकलेले किल्ले परत केले, मात्र राजमाची आपल्याकडे ठेवला. त्यांचे सरखेलपद कायम झाले. १० किल्ले आणि १६ लहान ठाणी त्यांच्याकडे राहिली.

हा तह नीट पाहण्यासारखा आहे. त्यात कान्होजींना शिक्षा झाली नाही, की त्यांचा अपमान झाला नाही. शाहूंना राज्य मिळाले आणि कान्होजींचा मान राहिला. युद्धात जिंकलेल्या माणसाने तह करणे सोपे नसते. कान्होजींनी ते केले. त्याचबरोबर हेही खरे, की ज्या ताराबाईंची त्यांनी इतकी वर्षे बाजू घेतली, त्या एकट्या पडल्या. त्याच वर्षी कोल्हापुरातही सत्ताबदल झाला आणि ताराबाई व त्यांचा मुलगा कैदेत गेले. राजारामांच्या दुसऱ्या राणीचे पुत्र संभाजी गादीवर आले. सातारा आणि कोल्हापूर यांच्यातील भांडण पूर्ण मिटण्यास इ. स. १७३१ चा वारणेचा तह व्हावा लागला.

एकीचे फळ लवकरच दिसले. इ. स. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाबा किल्ल्यावर चाल केली. आता कान्होजी एकटे नव्हते. शाहूंनी त्यांच्या मदतीला फौज पाठवली. बाळाजी विश्वनाथांचे पुत्र पहिले बाजीराव त्या मोहिमेत होते. शत्रूचा हल्ला फसला. पोर्तुगीजांनी तह केला आणि इंग्रज मुंबईस परतले. आठ वर्षांपूर्वी जे घाट एकमेकांवर चालून जाण्याच्या वाटा होते, त्या घाटांपलीकडचे राज्य आता कान्होजींच्या पाठीशी उभे होते.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. त्यांच्या हयातीत इंग्रज, पोर्तुगीज किंवा सिद्दी यांपैकी कोणालाही त्यांचे आरमार मोडता आले नाही.

जे शत्रूंना जमले नाही, ते घरातल्या भांडणाने केले. थोरले पुत्र सेखोजी सरखेल झाले. इ. स. १७३३ मध्ये ते वारले आणि संभाजी व मानाजी या भावांमध्ये वारशासाठी वैर सुरू झाले. शेवटी बाजीराव पेशव्यांनी मध्ये पडून आंग्र्यांच्या दौलतीचे दोन भाग केले. कुलाबा मानाजींना मिळाला आणि त्यांना वजारतमाब हा किताब देण्यात आला. सरखेलपद आणि दक्षिणेकडचा किनारा संभाजींकडे राहिला. या मदतीच्या बदल्यात मानाजींनी पेशव्यांना दोन किल्ले दिले. एक कर्जत तालुक्यातला कोथळीगड आणि दुसरा राजमाची. वडिलांनी तहात जपून ठेवलेला किल्ला मुलांच्या भांडणात गेला.

भाऊ एक झाले नाहीत. संभाजींनंतर तुळाजी सरखेल झाले. त्यांचे पेशव्यांशी पटले नाही. तेव्हा पेशव्यांनी त्यांच्याविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली. इ. स. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला आणि बंदरात उभे असलेले आंग्र्यांचे आरमार जळून गेले. तुळाजी कैद झाले. कान्होजींनी आयुष्यभर ज्यांना समुद्रावर रोखून धरले होते, त्यांना आता या किनाऱ्यावर अडवणारे मोठे आरमार राहिले नाही.

कान्होजींची समाधी अलिबागेत आहे. मुंबईतील भारतीय नौदलाच्या तळाला आय. एन. एस. आंग्रे असे नाव देण्यात आले आहे. समुद्रावरचा त्यांचा पराक्रम आपण विसरलेलो नाही. पण कर्जत-खालापूरच्या मुलांनी राजमाचीकडे पाहताना त्यांचे दुसरे कामही आठवावे. हाती विजय असताना ते भांडण मिटवायला तयार झाले होते. ते शहाणपण त्यांच्या घरात टिकले असते, तर विजयदुर्गाच्या बंदरात ती आग लागली नसती, असे पुष्कळांना वाटते.