व्यापाऱ्याची झोळी : वसईचे संत गोन्सालो गार्सिया



आपल्या चंद्रपूर व गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात उन्हाळा आला की तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होतो. त्याआधी मोहफुले वेचून झालेली असतात आणि एरवी रिकामा असणारा हात काही आठवडे पैशाने भरतो. बल्लारपूर व घुग्गुस परिसरातील खाणी-कारखान्यांत काम करणाऱ्या कुटुंबांच्या घरी तो दर महिन्याला येतो. हाती काही नसताना वैराग्याच्या गोष्टी करणे तसे सोपे असते. खरी कसोटी लागते ती पैसा हाती आल्यावर. म्हणून आज आम्ही एका अशा संताचे चरित्र आपणांसमोर ठेवीत आहोत, की ज्यांनी धन मिळविले, व्यापार वाढविला आणि भरभराटीच्या ऐन काळात त्या साऱ्याचा त्याग केला.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसई येथे झाला. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. गोन्सालो यांचे वडील पोर्तुगीज आणि आई येथील मातीतली. किल्ल्यातील येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत त्यांचे शिक्षण व धार्मिक संस्कार झाले. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, १५७२ च्या सुमारास, ते याच संघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. तेथे त्यांनी जपानी भाषा आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. मुलांमध्ये व सामान्य जनांत ते विशेष प्रिय होते.

येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांच्या मनातली तीव्र इच्छा होती. परंतु त्यांची विनंती पुनःपुन्हा पुढे ढकलली गेली. तारुण्याची उत्तम वर्षे ज्या कार्याला दिली, त्याच कार्याच्या उंबरठ्यावर थांबावे लागणे किती क्लेशदायक असेल! ख्रिस्तसभेच्या सेवेत असताना मन दुखावले म्हणून प्रार्थनेपासूनही दूर गेलेली माणसे आपण पाहतो. गोन्सालो यांनी श्रद्धा सोडली नाही, मात्र त्यांनी जपान सोडले आणि व्यापारात प्रवेश केला.

चरित्रकार त्यांच्या या व्यापारी जीवनावरून घाईने पुढे जातात, हे आम्हांला नेहमी खटकते. व्यापार करणे हे पाप नव्हते व आजही नाही. त्यांचा व्यवहार वाढला, ठिकठिकाणी शाखा निघाल्या, मनिलाशी त्यांचे येणे-जाणे सुरू झाले. भाषा अवगत, माणसे ओळखीची आणि बंदरे परिचयाची! अशा माणसाला आणखी दहा वर्षांत किती संपत्ती जोडता आली असती, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

मनिला येथे त्यांची ओळख फ्रान्सिस्कन संघाचे ब्रदर हुआन क्लेमेंते यांच्याशी झाली. हे ब्रदर त्या शहरातील गोरगरीब रुग्णांची व कुष्ठरोग्यांची सेवा करीत. त्या सहवासाने गोन्सालो यांच्या अंतःकरणातील जुनी हाक पुन्हा जागी झाली. त्यांनी व्यापार सोडला आणि १५८८ च्या सुमारास फ्रान्सिस्कन संघाचा झगा अंगावर घेतला. ते धर्मगुरू झाले नाहीत, साधे ब्रदर झाले. ज्याच्या आज्ञेने माल हलत असे, तो आता दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञाधारकपणा या व्रतांखाली दुसऱ्याच्या आज्ञेने हलू लागला.

परमेश्वराने त्यांचे जुने श्रम मात्र वाया जाऊ दिले नाहीत. १५९३ साली फिलिपाइन्सच्या राज्यपालांचे दूत म्हणून फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानला निघाले, तेव्हा दुभाषी म्हणून गोन्सालो यांची निवड झाली. राज्यकर्ता तोयोतोमी हिदेयोशी याच्यापुढे त्यांनी जपानी भाषेत संघबंधूंची बाजू मांडली. पुढे क्योटो येथे चर्च, मठ व कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभे राहिले. आपल्या जिल्ह्याला या सेवेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. वरोऱ्याजवळचे बाबा आमटे यांचे आनंदवन आपणांपैकी अनेकांनी पाहिले आहे. समाजाने दूर लोटलेल्यांच्या जखमा धुण्यासाठी मन किती मोकळे करावे लागते, हे तेथे गेल्यावर कळते. आणि १९६२ साली चांदा मिशन सुरू झाल्यावर दूर केरळातून आलेल्या धर्मगुरूंनाही प्रथम येथील भाषाच शिकावी लागली होती.

ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्याला लागले. जहाज मौल्यवान मालाने भरलेले होते. तो माल जप्त झाला, त्यातून वाद पेटला, आणि हिदेयोशीचा रोष मिशनरींवर कोसळला. ज्या व्यापारी संपत्तीपासून गोन्सालो दूर झाले होते, तशाच संपत्तीच्या तंट्यात त्यांचा बळी जावा, हा केवढा दैवदुर्विलास!

डिसेंबर १५९६ मध्ये त्यांना व त्यांच्या सोबत्यांना अटक झाली. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योटो येथे प्रत्येकाच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला व गाड्यांतून त्यांची धिंड काढण्यात आली. त्यानंतर ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंतचा शेकडो किलोमीटरांचा प्रवास घडला. वाटेत आणखी दोघे या मेळ्यात सामील झाल्यावर संख्या सव्वीस झाली. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा प्रापंचिक होते. सर्वांत लहान लुईस इबाराकी अवघ्या बारा वर्षांचा होता.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर क्रूस तयार होते. परंपरा सांगते की, गोन्सालो तेथे पोहोचताच त्यांनी आपला क्रूस कोणता अशी विचारणा केली. तो दाखविला जाताच त्यांनी गुडघे टेकून त्याला आलिंगन दिले. मग त्यांना क्रूसावर बांधण्यात आले व भाल्यांनी त्यांचे प्राण घेण्यात आले. वयाची चाळिशी नुकतीच आली होती.

पोप आठवे अर्बन यांनी १६२७ साली या रक्तसाक्षींना धन्य घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. भारतात जन्मलेले ते पहिले संत होत. रोमन पंचांगात संत पॉल मिकी व सोबती यांच्या नावाने ६ फेब्रुवारीला या सर्वांचे स्मरण केले जाते.

आपल्या धर्मग्रामांतील कोणी मुंबईस गेल्यास लोकलने वसई रोड स्थानकावर उतरून किल्ल्यापर्यंत अवश्य जावे. येशूसंघाच्या जुन्या चर्चचा दर्शनी भाग तेथे अजून उभा आहे. व्यापारी होण्यापूर्वीचा, संत होण्यापूर्वीचा गोन्सालो याच किल्ल्यात अक्षरे गिरवीत होता.