ज्यूल व्हर्न : मुलांचा की मोठ्यांचा?

संध्याकाळी टेलिव्हिजनवर एखादी विज्ञानकथेची मालिका लागली की घरातली मुले पुढे सरकतात आणि वडीलधारी मंडळी वर्तमानपत्र उघडून बसतात. यान उडते, परग्रहावरचा प्राणी हात हलवतो, शेवटी सारे सुखरूप घरी परततात. मोठ्या माणसाला यात काय मिळणार, असा सर्वसाधारण समज असतो. साऱ्या कुटुंबाने एकत्र बसून पाहावी अशी विज्ञानकथा प्रौढ मनाचे समाधान करू शकेल काय, हा प्रश्न आपल्याला आजचा वाटतो. परंतु टेलिव्हिजनचा जन्मही झाला नव्हता, त्या काळी एका फ्रेंच लेखकाचे उभे आयुष्य याच प्रश्नाशी झगडण्यात गेले. त्याचे नाव ज्यूल व्हर्न. खानदेशच्या वाचकाने त्याची आठवण ठेवावी याला एक खास कारणही आहे. ते ओघात येईलच.

व्हर्नचा जन्म ८ फेब्रुवारी १८२८ रोजी फ्रान्समधील नांत या शहरी झाला. ल्वार नदीकाठचे हे बंदर. घराबाहेर पाऊल टाकले की जहाजांच्या डोलकाठ्या दिसत. वडील वकील, शिस्तीचे. अकरा वर्षांचा ज्यूल हिंदुस्थानकडे निघालेल्या जहाजावर चोरून चढला आणि वडिलांनी त्याला पुढच्या बंदरात गाठून परत आणले, अशी एक गोष्ट घराण्यात सांगितली जाई. चरित्रकारांना ती शंकास्पद वाटते. पण ज्याने पुढे साऱ्या जगाला हिंडवून आणले त्याच्याबद्दल अशी कथा पसरावी, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

थोरल्या मुलाने आपली वकिली चालवावी अशी वडिलांची इच्छा. त्यासाठी त्याला पॅरिसला धाडले. चिरंजीवांनी कायद्याची पदवी घेतली खरी, पण मन रमले नाटकांत. थोरल्या अलेक्झांडर द्यूमाच्या आश्रयाने १८५० मध्ये त्याचे एक नाटक रंगभूमीवर आले. पुढे वडिलांनी आपली वकिली देऊ केली, ती त्याने नाकारली. १८५७ साली दोन मुली असलेल्या एका विधवेशी त्याने विवाह केला आणि संसारासाठी शेअरबाजारात दलालीचे काम पत्करले. पहाटे उठून लेखन, मग बाजार, आणि उरलेला वेळ वाचनालयात, असा त्याचा क्रम होता. भूगोल, खगोल, रसायन, प्रवासवर्णने, जे हाती येईल ते वाचावे आणि टिपणे काढून ठेवावीत. हीच टिपणे पुढे त्याचे भांडवल ठरली.

१८६३ साली बलूनमधून आफ्रिका ओलांडण्याची त्याची कादंबरी प्रसिद्ध झाली आणि तिने नाव काढले. प्रकाशक होता पिएर-ज्यूल एत्झेल. हा गृहस्थ केवळ व्यापारी नव्हता. फ्रेंच घराघरांत आई-बाप आणि मुले यांनी एकाच दिव्याखाली बसून वाचावे असे मासिक काढण्याचे त्याच्या मनात होते. १८६४ मध्ये ते निघाले आणि व्हर्नच्या कादंबऱ्या त्यात क्रमशः येऊ लागल्या. भूगोल, भूगर्भ, पदार्थविज्ञान आणि खगोल यांचे सारे ज्ञान गोष्टीच्या रूपाने द्यायचे, असा संकल्प ठरला.

येथेच खरा पेच सुरू होतो. घरातल्या मासिकात काय चालेल आणि काय नाही, हे एत्झेल ठरवणार! व्हर्नने पहिल्या यशानंतर लगेच विसाव्या शतकातल्या पॅरिसवर एक कादंबरी लिहिली. यंत्रे भरभराटीला आलेली, पैसा सर्वत्र, आणि त्या वैभवात एक तरुण कवी उपाशी भटकतो आहे, असे तिचे चित्र. एत्झेलने ती साफ नाकारली. हस्तलिखित तिजोरीत पडून राहिले. १९८९ साली व्हर्नच्या पणतवाला ते सापडले आणि १९९४ मध्ये छापले गेले. म्हणजे व्हर्नच्या मनातला काळोख वाचकांपासून एकशे तीस वर्षे दूर ठेवला गेला. कौटुंबिक करमणुकीची ही किंमत लहान नव्हे.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. उत्तर ध्रुवाच्या ध्यासाने झपाटलेला कप्तान हातेरास कथेच्या शेवटी ज्वालामुखीत मरावा असे व्हर्नच्या मनात होते. एत्झेलने हरकत घेतली. मग व्हर्नने त्याला जिवंत ठेवले, पण वेडा करून. इस्पितळाच्या बागेत तो रोज फिरतो, आणि फिरतो तो नेहमी उत्तरेकडेच तोंड करून. लहान मुलाला यात एक विचित्र माणूस दिसेल. ज्याने आयुष्यात काही गमावले आहे त्याच्या मात्र काळजात चर्र होईल.

कप्तान नेमोचेही तसेच. पाणबुडीत राहणारा हा माणूस मुळात पोलिश असावा, रशियन सत्तेने त्याचे कुटुंब मारलेले असावे, असा लेखकाचा बेत होता. रशियात पुस्तके खपत होती; एत्झेलने नकार दिला. गुलामांच्या व्यापाऱ्यांना नेमोचे शत्रू करावे अशी त्याने तडजोड सुचवली, ती व्हर्नने मानली नाही. त्याने नेमोचे कुळ-गाव कोरेच ठेवले. त्या कोऱ्या जागेतूनच नेमोचे गूढ निर्माण झाले. आणि १८७५ साली पूर्ण झालेल्या पुढच्या कादंबरीत वाचकांना कळले, की नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७ च्या उठावात लढलेला, घरदार गमावलेला. फ्रेंच मुलांच्या मासिकातून सत्तावन्नचे दुःख बोलले गेले!

आता खानदेशचे कारण. १८७२ साली ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणेची कथा पॅरिसच्या वृत्तपत्रातून क्रमशः आली. तिचा नायक फिलिअस फॉग मुंबईला उतरतो आणि जी. आय. पी. रेल्वेने निघतो. सकाळी त्याचा नोकर पासपार्तू जागा होऊन खिडकीबाहेर पाहतो, तो गाडी खानदेशातून धावते आहे! चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ हा आपला रोजचा मार्ग. व्हर्नने मात्र इंजिनाच्या धुराखाली कापसाबरोबर कॉफी, जायफळ, लवंग आणि मिरीचे मळे फुलवले आहेत. कापूस खरा, बाकीचे आपल्या काळ्या मातीत कोणी पाहिले? व्हर्न हिंदुस्थानात कधी आला नव्हता, वाचून लिहीत होता. तरी भाबडेपणाने हसून सोडून देण्यासारखी ही कथा नाही. तिच्यातले यंत्र काल्पनिक नाही. रेल्वे, बोटी आणि वेळापत्रक, एवढेच. टॉलस्टॉयसारख्या लेखकाने ही कथा आपल्या मुलांना वाचून दाखवताना तिच्यासाठी स्वतः चित्रे काढली. प्रौढ वाचक याहून कोणता हवा?

कीर्ती आली, पैसा आला. व्हर्न आमियाँ या गावी स्थायिक झाला, स्वतःच्या बोटीतून समुद्रावर हिंडला. पुढे दिवस फिरले. ९ मार्च १८८६ रोजी मनाचा तोल गेलेल्या पुतण्याने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. एक पायात शिरली आणि व्हर्न जन्माचा लंगडा झाला. त्याच महिन्यात एत्झेल वारला. १८८८ पासून व्हर्नने आमियाँच्या नगरपालिकेत सभासद म्हणून काम केले. फ्रेंच अकादमीचे दार मात्र त्याच्यासाठी अखेरपर्यंत उघडले नाही. मुलांचा लेखक हा शिक्का आड आला असे मानले जाते. २४ मार्च १९०५ रोजी मधुमेहाने त्याचा अंत झाला.

हा शिक्का पक्का करण्यात भाषांतरकारांचाही हात आहे. इंग्रजीत पाणबुडीची कादंबरी नेताना राजकारण आणि शास्त्रीय भाग यांना मोठी कात्री लावली गेली. उरले ते साहस. पुढच्या अनेक वाचकांना हाच व्हर्न मिळाला. मराठीत विसाव्या शतकाच्या आरंभी 'केरळकोकिळ' मासिकाने त्याची चंद्रप्रवासाची कथा आणली आणि पुढे भा. रा. भागवतांनी रसाळ रूपांतरे करून त्याला मराठी मुलांच्या घरी पोचवले. भागवतांचे ऋण मोठे आहे. पण ती पुस्तके लहानपणी वाचून आपण कपाटात ठेवली आणि पुन्हा उघडली नाहीत, हा दोष आपला.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर व्हर्नच्या आयुष्यातच आहे. रक्तपात आणि अश्लीलता घातल्याने विज्ञानकथा प्रौढ होत नाही. कथेतल्या माणसाने काहीतरी खरे गमावलेले असले, की दहा वर्षांचा मुलगा पाणबुडी पाहतो आणि त्याचा बाप नेमोचे एकटेपण पाहतो, एकाच खोलीत, एकाच वेळी. आजच्या मालिका मोठ्यांना रिझवत नसतील तर बंधनांना बोल लावण्याआधी त्यांच्या लेखकांनी हातेरासची ती उत्तरेकडची पावले आठवावीत. आणि आपण? पुढच्या खेपेस भुसावळकडे जाताना जरा खिडकीबाहेर पाहावे. कापूस दिसेल. जायफळ दिसणार नाही. पण त्या फ्रेंच माणसाने न पाहताच आपल्या मुलखावर केवढा जीव लावला होता, याची आठवण तरी होईल.