थॉमस मिजली : इंजिनाचा ठोका थांबविणारा संशोधक

पेट्रोल पंपावर साधे आणि त्याहून महाग असे पेट्रोलचे दोन प्रकार मिळतात. साधे पेट्रोल घातल्याने मोटारीचे इंजिन बिघडते काय, असा प्रश्न विद्यार्थी आम्हांस अनेकदा विचारतात. या लहानशा प्रश्नामागे एका बुद्धिमान माणसाचे सारे आयुष्य उभे आहे. ते जितके कौतुकास्पद, तितकेच सावध करणारे आहे. म्हणून ते येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

थॉमस मिजली यांचा जन्म १८ मे १८८९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात बीव्हर फॉल्स येथे झाला. वडीलही संशोधक असल्यामुळे यंत्रांचे बाळकडू त्यांना घरीच मिळाले. १९११ साली कॉर्नेल विद्यापीठातून ते यंत्रशास्त्राचे पदवीधर झाले आणि १९१६ मध्ये डेटन येथे चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली कामास लागले. ज्या रसायनशास्त्राने त्यांना पुढे कीर्ती दिली, त्याची पदवी त्यांच्यापाशी नव्हती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्या काळी मोटार चढाला लागली की इंजिनातून हातोडीने ठोकल्यासारखा आवाज येई. सिलिंडरातील दट्ट्या पेट्रोलची वाफ व हवा यांचे मिश्रण दाबतो आणि ठिणगीने ते पेटते. ज्योत क्रमाने पसरली तर इंजिन सुरळीत चालते; परंतु ती पोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप भडकले की ठोका बसतो. मिश्रण जितके अधिक दाबावे तितकी शक्ती अधिक मिळते; पण ठोक्याचे भयही तितकेच वाढते.

या शोधाचा आरंभ एका चुकीच्या तर्काने झाला. एक रानवेल बर्फ वितळण्यापूर्वीच फुलते आणि तिची पाने मागून तांबूस असतात. तांबडा रंग उष्णता लवकर शोषतो, तेव्हा तांबडे पेट्रोलही लवकर वाफ होऊन नीट जळेल, असे अनुमान निघाले. मिजलींनी हाताशी असलेले आयोडीन पेट्रोलात मिसळले आणि ठोका थांबला! पुढे त्यांनी दुसरे तांबडे रंग घालून पाहिले. त्यांनी काहीच साधले नाही. गुण रंगाचा नव्हता, आयोडीनचाच होता. तर्क चुकला तरी तो पडताळून पाहण्याची शिस्त त्यांच्या अंगी होती.

त्यानंतर वर्षानुवर्षे एकामागून एक पदार्थ तपासले गेले. अखेर ९ डिसेंबर १९२१ रोजी शिशाचे एक संयुग, टेट्राएथिल लेड, अत्यल्प प्रमाणात मिसळले असता ठोका बंद पडला. फेब्रुवारी १९२३ मध्ये ते पेट्रोल डेटन येथे विक्रीस आले. विकताना त्यास ‘एथिल’ असे नाव दिले गेले. शिशाचा उल्लेख त्यात नव्हता.

शिसे विषारी आहे, हे तेव्हाही अज्ञात नव्हते. १९२३ च्या आरंभी खुद्द मिजलींनाच शिशाची बाधा होऊन विश्रांतीसाठी रजा घ्यावी लागली होती. मद्यार्कानेही ठोका थांबतो, हे त्यांना ठाऊक होते. पण शिसे थोडके पुरे आणि त्यात नफा मोठा. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात या संयुगाच्या बाधेने भ्रमिष्ट होऊन पाच कामगार मृत्यू पावले. तेव्हा मिजलींनी वार्ताहरांसमोर त्याच द्रवाने हात धुतले, त्याची वाफ हुंगली आणि भय नसल्याचे भासविले. १९२५ मध्ये थांबलेली विक्री पुढल्या वर्षी पुन्हा सुरू झाली.

पुढे शीतकपाटांतील विषारी वायूंच्या जागी त्यांनी फ्रेऑन हा निर्धोक वाटणारा वायू शोधला. १९४० साली पोलिओने ते पंगू झाले. अंथरुणातून उठता यावे म्हणून त्यांनी दोर व कप्प्यांची योजना केली होती. २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्याच दोरांत गळा आवळला जाऊन त्यांचा अंत झाला. त्या वर्षी ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते.

फ्रेऑन वर्गातील वायूंमुळे ओझोनच्या थराची हानी होते, हे १९७४ पासून उघड होऊ लागले. मिजलींच्या हयातीत ते कोणासच ठाऊक नव्हते. म्हणून त्याचा दोष आम्ही त्यांस देत नाही. शिशाची गोष्ट निराळी. मोटारींच्या धुरातून ते हवेत व मातीत पसरले आणि मुलांच्या मेंदूस अपाय करीत राहिले. भारतात असे पेट्रोल २००० साली बंद झाले. अल्जीरियात २०२१ साली ते संपले, तेव्हा साऱ्या जगातील मोटारी त्यातून मुक्त झाल्या. आज आपल्या देशात पेट्रोलमध्ये मद्यार्कच मिसळला जातो.

आता मूळ प्रश्न. ठोका न बसता पेट्रोल किती दाब सोसते, ते ऑक्टेन अंकाने कळते. हा अंक शक्तीचे माप नव्हे. साध्या पेट्रोलसाठी घडविलेल्या इंजिनास महाग पेट्रोल घालून विशेष लाभ नाही. अधिक दाबाच्या इंजिनास मात्र कमी अंकाच्या पेट्रोलने ठोका बसू शकतो. नव्या मोटारी तो ओळखून ठिणगी किंचित उशिरा पाडतात. शक्ती थोडी घटते, इंजिन बचावते. ठोका सतत बसत राहिला तर दट्ट्यास इजा होते. म्हणून मोटारीच्या पुस्तिकेत जो अंक सांगितला असेल, तो पाळावा.

विद्यार्थिमित्रहो, अज्ञानाने घडलेली चूक क्षम्य असते. ठाऊक असून झाकलेली चूक पिढ्यांना भोवते. मिजलींची चिकाटी तुम्ही अवश्य घ्यावी. परंतु हातात विष आहे हे कळल्यावर ते निर्भयपणे सांगण्याचे धैर्यही अंगी बाणवावे, एवढेच आमचे मागणे आहे.