रात्रीच्या दोन घटका

मैत्रिणींनो, आपल्या भोर-वेल्ह्यात शेतीचं सगळं बोलणं नक्षत्रांवर चालतं. रोहिणी निघाली की भाताचा तरवा टाकायचा, मग मृगाची वाट बघायची, हस्ताचा पाऊस लांबला की उभ्या पिकाची काळजी करायची. नावं तोंडपाठ आहेत. पण यातली रोहिणी आकाशात कुठं असते, असं कुणी विचारलं की आपण एकमेकींकडे बघतो. मीही त्यातलीच. बी.ए. झाले, पण कधी मान वर करून बघितलं नव्हतं.

माझी मान वर केली ती एका शाळामास्तरांनी, शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी.

त्यांचा जन्म १८५३ सालचा, दापोलीजवळच्या मुरूड गावचा. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात ते शिकले, मॅट्रिक झाले आणि मास्तरकी धरली. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशा बदल्या होत गेल्या. पदवी नाही, वेधशाळेची नोकरी नाही. दिवसभर शाळा आणि उरलेल्या वेळात ग्रहताऱ्यांचं गणित. हा नाद त्यांनी जन्मभर सोडला नाही.

१८९२ साली त्यांनी आपल्यासारख्यांसाठी मराठीत पुस्तक लिहिलं, ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’. मला हे नावच फार आवडलं. एक घटका म्हणजे २४ मिनिटं, दोन घटका म्हणजे पाऊण तासाला थोडी जास्त. सगळ्यांची जेवणं उरकून, भांडी घासून झाल्यावर तेवढा वेळ आपला स्वतःचा असायला काय हरकत आहे?

पुढे १८९६ साली त्यांचा मोठा ग्रंथ छापून आला, ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’. नावावरून फसू नका, हे भविष्य सांगायचं पुस्तक नाही. वेदकाळापासून आपल्याकडे आकाशाचं ज्ञान आणि पंचांगाचं गणित कसं वाढत गेलं, त्याचा हा इतिहास आहे. पुढे त्याची हिंदीत आणि इंग्रजीतही भाषांतरं झाली. त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर त्यांनी भारतीय कालगणनेवर इंग्रजी ग्रंथही काढला. जुन्या शिलालेखांतल्या तिथींचं गणित करण्यासाठी इंग्रज संशोधक या मास्तरांची मदत घेत.

त्यांचं एक काम तर आपल्यालाही अंगणातून समजेल असं. शतपथ ब्राह्मणात म्हटलंय की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. आज बघाल तर त्या पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेला उगवतात. मग लिहिणारा चुकला का? नाही. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अगदी सावकाश डुलतो, एका फेरीला सुमारे २६ हजार वर्षं लागतात. त्यामुळे ताऱ्यांच्या उगवायच्या जागा सरकत जातात. दीक्षितांनी उलटं गणित मांडलं आणि कृत्तिका नेमक्या पूर्वेला उगवत तो काळ सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा ठरवला. एका ओळीवरून एवढं!

पंचेचाळिशीही गाठली नव्हती, तोच १८९८ साली ते गेले.

गेल्या कार्तिकात वेल्ह्याकडे बचत गटाची बैठक लांबली आणि लाईट गेली. बाहेर आलो तर पूर्वेला ताऱ्यांचा तो छोटा घोस. एका आजींनी लगेच ओळखलं, कृत्तिका! त्या शाळेत कधी गेल्या नव्हत्या.

त्याच गटात एक मुलगी आहे. मूळ नक्षत्रावर जन्मली म्हणून तिचं जमलेलं लग्न मोडलं. तेव्हापासून ती खाली मान घालूनच बसायची. वैशाखात एका रात्री तिला ओट्यावर घेऊन बसले. दहाच्या सुमाराला आग्नेयेला वृश्चिक वर आला होता. त्याच्या वळलेल्या नांगीतले तारे दाखवले. म्हटलं, हेच तुझं मूळ. शेकडो प्रकाशवर्षं लांब आहे, त्याला तुझ्या सासरचा पत्तासुद्धा ठाऊक नाही.

ती बराच वेळ बघत राहिली. मग एवढंच म्हणाली की हे तर छान दिसतं. दुसऱ्या दिवशी तिनं आईलाही ओट्यावर आणून बसवलं.

आज रात्री तुम्हीही दोन घटका काढा.