इतरांनी फेकलेली केळी विकली, पुढे एका देशाचं सरकारच बदललं : सॅम झेमुरीची गोष्ट

साल 1895. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं मोबिल बंदर. मध्य अमेरिकेतून आलेल्या जहाजांतून केळ्यांचे घड उतरायचे. हिरवा माल रेल्वेनं लांबच्या शहरांत जायचा. पिकायला लागलेला माल बाजूला काढायचे आणि तो बहुतेक वेळा कचऱ्यात जायचा. 18 वर्षांच्या एका पोराच्या नजरेत नेमका हाच ढीग भरला.

पोराचं नाव सॅम झेमुरी. जन्म 1877 चा, किशिनेवमधल्या गरीब ज्यू कुटुंबातला. किशिनेव तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज ती मोल्दोव्हाची राजधानी आहे. झेमुरी पोरवयातच अमेरिकेत आला होता.

आता पिकलेली केळी वेगळी का काढायची? आपल्याकडे आंब्याची अढी घालतात, तेच गणित. पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं आणि त्या वायूनं शेजारचं फळही पिकायला लागतं. डब्यात एक पिवळा घड राहिला तर अख्खा डबा धोक्यात.

झेमुरीनं गाठीला असलेले सुमारे 150 डॉलर लावून हा नको असलेला माल उचलला आणि रेल्वेनं निघाला. वाटेतल्या स्टेशनांवर आधीच तार जायची आणि तिथले दुकानदार फलाटावर हजर राहायचे, असं सांगतात. तार करणाऱ्याला मोबदला काय, तर केळी! बाकीचे व्यापारी किती माल आहे ते मोजायचे, हा गडी किती तास उरलेत ते मोजायचा. काही वर्षांतच तो लाखांनी केळी विकायला लागला आणि लोक त्याला 'सॅम द बनाना मॅन' म्हणायला लागले.

तोवर मोठ्या कंपन्यांनी हे तास वाढवायची सोय केली होती. 1899 मध्ये युनायटेड फ्रूट कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या काही वर्षांत तिची शीतगृहं असलेली जहाजं धावायला लागली. उन्हाची उष्णता परतवायला ती पांढरी रंगवलेली असायची. पण केळ्याला जास्त थंडीही सोसत नाही. साधारण 13-14 अंशांना ते हिरवंच झोपून राहतं. त्याखाली गेलं की साल काळपट पडते आणि नंतर ते धड पिकतच नाही. घरच्या फ्रिजमध्ये केळी काळी पडतात ती यामुळेच.

1910 मध्ये झेमुरीनं होंडुरासमध्ये कुयामेल नदीकाठी 5,000 एकर जमीन घेतली. अडचण अशी झाली की होंडुरासचं कर्ज वसूल करण्यासाठी तिथल्या जकातीवर बँकवाल्यांचा ताबा आणायची योजना अमेरिकन सरकार आखत होतं. तसं झालं असतं तर झेमुरीच्या करसवलती गेल्या असत्या. मग यानं काय केलं? सत्तेवरून हटवलेल्या मान्युएल बोनिया यांना जहाज, बंदुका आणि भाडोत्री सैनिक मिळवून दिले. 1911 च्या सुरुवातीला बंड झालं, 1912 मध्ये बोनिया राष्ट्राध्यक्ष झाले आणि झेमुरीला हव्या त्या सवलती मिळाल्या. 'बनाना रिपब्लिक' हा शब्द आपण आज ऊठसूट वापरतो. ओ. हेन्रीनं तो याच होंडुरासवरून, या बंडाच्याही आधी वापरला होता. झेमुरीनं तो खरा करून दाखवला म्हणायचं.

पुढे त्यानं आपली कंपनी युनायटेड फ्रूटला विकली आणि बदल्यात 3 लाख शेअर घेतले. नंतर मंदी आली आणि शेअर कोसळले. 1933 मध्ये झेमुरीनं बोस्टनला जाऊन कंपनीचा कारभारच हातात घेतला. इंधन वाचवायला जहाजं हळू चालवली जात होती आणि वाटेतच माल पिकत होता. त्यानं जहाजं पूर्ण वेगानं पळवायला लावली, असं सांगतात. वाचलेल्या इंधनापेक्षा सडलेलं केळं महाग पडतं, हे मोबिलच्या फलाटावर शिकलेल्या माणसाला वेगळं सांगायची गरज नव्हती.

त्यानं तुलेन विद्यापीठाला मोठ्या देणग्या दिल्या, होंडुरासमध्ये शेतीची शाळा काढायला मदत केली. पण त्याच्याच कंपनीनं ग्वाटेमालाच्या जमीन सुधारणांविरोधात वॉशिंग्टनमध्ये रान उठवलं आणि 1954 मध्ये सीआयएच्या मदतीनं तिथलं निवडून आलेलं सरकार पाडलं गेलं. देणग्यांचा आकडा सांगताना ही बाजू गाळणं बरोबर नाही.

झेमुरी 1961 मध्ये वारला. त्याचं सगळं साम्राज्य ग्रो मिशेल या एकाच वाणावर उभं होतं. या वाणाची साल जाड, त्यामुळे घड तसेच उघडे जहाजात भरता यायचे. पनामा रोगानं त्या वाणाचे मळे संपवले आणि पुढच्या काही वर्षांत कंपन्या नाजूक सालीच्या कॅव्हेंडिशकडे वळल्या. हिला ओरखडे लगेच पडतात. म्हणून फण्या कापून, धुऊन पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरायची पद्धत रुळली. आपल्या जळगावातून परदेशी जाणारी केळीही कॅव्हेंडिश गटातलीच, आणि तीही अशीच खोक्यांत बसून, 13-14 अंशांच्या कंटेनरमधून हिरवीच निघते.