गाडगं, खराटा आणि चिंध्या

हॉस्टेलमधल्या कुणालाही खिसे रिकामे करायला सांगा. काय काय निघेल? मोबाईल, रूमची किल्ली, आय-कार्ड, एटीएम कार्ड, पाकिटाच्या आतल्या कप्प्यात आईवडिलांचा एखादा जुना फोटो. वस्तू साध्याच, पण प्रत्येकीला अर्थ असतो. किल्ली म्हणजे आपली हक्काची जागा, आय-कार्ड म्हणजे आपली ओळख, आणि एटीएम कार्ड म्हणजे महिनाअखेरची काळजी!

आपल्या महाराष्ट्रात एक माणूस असा होऊन गेला की त्याच्याजवळच्या वस्तूंवरूनच लोकांनी त्याला नाव दिलं. कुणी चिंधेबुवा म्हणे, कुणी गोधडेबुवा, कुणी लोटके महाराज. शेवटी नाव टिकलं ते हातातल्या फुटक्या मडक्याचं. गाडगेबाबा!

मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेणगाव. घर परटाचं, म्हणजे गावाचे कपडे धुणाऱ्यांचं. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. तिथे मामाकडे गुरं राखणं, नांगर धरणं, नदीत पोहणं यात पोरगा मोठा झाला. शाळा नाहीच. पुढे मामाची जमीन सावकाराने गिळली, तेव्हा न वाचता उठवलेला अंगठा केवढ्याला पडतो हे डेबूने डोळ्यांनी पाहिलं.

लग्न झालं, संसार सुरू झाला. पहिल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत द्यायची होती. डेबूजीने गोडाचं जेवण घातलं. भाऊबंद भडकले, पण गडी हटला नाही. आणि मग १ फेब्रुवारी १९०५ ला, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, तो घर सोडून निघाला.

निघताना काय घेतलं? कपड्यांचं गाठोडं नाही, पैसे नाहीत. एक काठी, एक फुटकं गाडगं, अंगावर चिंध्या जोडून केलेलं पांघरूण. नंतर हातात खराटा आला. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा. बस्स, एवढंच! पुढची पन्नासएक वर्षं यात भर पडली नाही.

आता आपण इंजिनिअरिंगवाले, तर गाडग्याकडे जरा त्या नजरेने बघू. एकच वस्तू, कामं किती? भाकरी-कालवण त्यात, पाणी त्यात, ऊन लागलं की तीच डोक्यावर टोपी. मेंटेनन्स शून्य, चोरीची भीती शून्य. फुटलं तर कुंभाराच्या दारात दुसरं खापर पडलेलंच असतं. पण मला वाटतं, खरी गंमत वेगळीच होती. त्या काळी कुणाच्या भांड्याला कुणी शिवायचं, कुणी ओंजळीनेच पाणी प्यायचं, हे जातीवरून ठरायचं. स्वतःचं गाडगं पुढे करणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो प्रश्नच उरत नाही. ते कुठल्याही दारात पुढे करता येतं. ज्या मडक्याला लोक फुटकं म्हणून फेकतात, त्यात खाणाऱ्याला बाटवणार कोण?

खराट्याचंही तसंच. बाबा गावात शिरले की कुणाला काही न सांगता रस्ता झाडायला लागायचे. लोकांना वाटायचं, कुणीतरी वेडा आलाय. दिवसभर गटारं, उकिरडे साफ करून झाले की भाकरी मागायची, ती कामाच्या बदल्यात. आणि रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन! दिवसा ज्याला वेडा समजले तोच रात्री हजारोंना हसवतोय, रडवतोय, प्रश्न विचारून बोलतं करतोय. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे बकरं कापू नका, दारू सोडा, शिवाशिव पाळू नका, पोरांना शाळेत घाला, हेच विषय. जेवायचं ताट मोडावं लागलं तरी चालेल पण पोराची शाळा मोडू नका, असं ते परोपरीने सांगत. सांगणारा स्वतः खापरात जेवणारा होता, म्हणून ते लोकांच्या गळी उतरलं. आणि काठी? पाया पडायला येणाऱ्यांना हाकलायला ती कामी यायची!

पण बाबा फक्त झाडत राहिले असते तर आज त्यांच्यावर लिहायची वेळ आली नसती. पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचनला यात्रेकरू चिखलातून घसरत जायचे, तिथे त्यांनी घाट बांधायला घेतला. मग नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू, मुंबई इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. गोरक्षणं, सदावर्तं, शाळा, वसतिगृहं झाली. लोकांनी कीर्तनात दिलेला पैसा विटा-चुन्यात गेला, गाडग्यात नाही. प्रत्येक कामासाठी ट्रस्ट केले, हिशोब दुसऱ्यांच्या हाती दिले, आणि स्वतः त्या धर्मशाळांच्या पक्क्या छताखाली न राहता बाहेर झाडाखाली पथारी टाकली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९५४ मध्ये कराडला कॉलेज काढलं, तेव्हा त्याला नाव दिलं ते बाबांचं.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. घर सोडताना बाबांनी जे जे मागे टाकलं, त्यात माणसंही होती. बायको कुंताबाई, म्हातारी आई, मुलंबाळं. लाखोंच्या इमारती बांधणाऱ्या माणसाचं कुटुंब कष्टातच राहिलं. १९२३ मध्ये कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना मुलगा गोविंद गेल्याचा निरोप आला. कीर्तन थांबलं नाही. हा प्रसंग आपण बहुतेक वेळा नुसतं थोरपण म्हणून सांगतो. पण त्या रात्री घरी कुंताबाईंचं काय झालं असेल? त्यांच्या हातात तर खराटाही नव्हता आणि समोर हजारोंची गर्दीही नव्हती. बाबांचं ओझं हलकं होतं हे खरं. त्यातलं थोडं ओझं कुणीतरी घरी बसून उचललं, हेही तितकंच खरं. त्यामुळे बाबा लहान होत नाहीत, पण नमस्कार करताना कुंताबाईंनाही एक करायला हवा.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच गाडगेबाबांनी प्राण सोडला. वय ऐंशी. वारसांनी वाटून घ्यावं असं मागे काही नव्हतं.

पुढे काळाने गंमत केली. राज्य सरकारने २००० साली सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला बाबांचं नाव दिलं. अमरावती विद्यापीठालाही त्यांचं नाव मिळालं. म्हणजे ज्याला अक्षरओळख नव्हती, त्याचं नाव आज हजारो पोरांच्या डिग्रीवर छापलेलं असतं! आपल्यातले काहीजण वऱ्हाडातले आहेत, त्यांच्या घरी एखाद्या भिंतीवर अशी डिग्री लटकत असेलही.

दरवर्षी २३ फेब्रुवारीला फोटोला हार घातला जातो. पाया पडणाऱ्यांमागे काठी घेऊन धावणाऱ्या माणसाला तो कितपत आवडला असता, कोण जाणे. त्यापेक्षा एक सोपं काम आहे. गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राउंडवर चहाचे कप, कागद, फुगे यांचा सडा पडलेला असतो. आपण अकरापर्यंत लोळत असतो आणि सफाईवाल्या मावशी सहा वाजताच कामाला लागलेल्या असतात. त्यांचं नाव आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? यंदा त्या दिवशी पाचदहा जणांनी लवकर उठावं. मावशींना विचारून स्टोअरमधून खराटे घ्यावेत. खिशातला मोबाईल तासभर रूमवर राहिला तरी काही बिघडत नाही.