कोल्हापूरच्या मिस्त्रींचा कॅमेरा



मेळाव्याच्या तयारीत आपल्या दहावीच्या वर्गाचा फोटो पुन्हा हाती आला. घोडेगावच्या उन्हात डोळे बारीक करून उभे असलेले आपण, आणि मधल्या खुर्च्यांवर सर आणि बाई. तो पाहताना एका माणसाची आठवण झाली. त्याने कॅमेरा स्वतः बनवला आणि त्यावर शिष्यांची एक पिढी घडवली. ते म्हणजे बाबूराव पेंटर.

बाबूराव कृष्णराव मिस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणे कारागिरांचे. बाबूराव कोणत्याही कलाशाळेत गेले नाहीत. भाऊ आनंदराव यांच्याबरोबर ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत. त्यावरून पेंटर हे नाव पडले. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि दोघा भावांना चित्रपटाचे वेड लागले. विलायती कॅमेरा घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून जुना प्रोजेक्टर मिळवून त्यांनी त्याची रचना समजून घ्यायला सुरुवात केली. १९१६ साली आनंदराव वारले, पण बाबूरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून, लेथवर एकेक भाग घडवीत, १९१८ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा तयार केला.

हे काम किती नाजूक होते? साधा फोटो काढतानाही तीन गोष्टी जुळवाव्या लागतात: भिंगामागचे छिद्र किती उघडायचे, शटर किती वेळ उघडे ठेवायचे आणि फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे. छिद्र मोठे ठेवले तर उजेड भरपूर येतो, पण पुढची रांग स्पष्ट आणि मागची अंधूक असे होऊ शकते. शटर जास्त वेळ उघडे राहिले तर हललेला मुलगा पुसट होतो. मूकपटाच्या कॅमेऱ्यात हे सेकंदाला साधारण १६ वेळा घडायचे. हँडल फिरवले की फिल्म एका चित्राएवढी पुढे सरकणार, क्षणभर थांबणार आणि तेवढ्यातच शटर उघडणार. यात जरा चूक झाली की पडद्यावरचे चित्र थरथरलेच. शिवाय त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसत नसे. लाल शालू काळा आणि निळे आकाश पांढरे उमटे. अशा वेळी चित्रकाराची नजर उपयोगी पडे.

या कॅमेऱ्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ तयार झाला आणि १९२० साली पुण्यात प्रदर्शित झाला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की प्रेक्षक हादरले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये जमीन गमावलेला शेतकरी पडद्यावर आला. त्या तरुण शेतकऱ्याचे काम केले होते शांताराम वणकुद्रे यांनी, म्हणजे पुढच्या व्ही. शांताराम यांनी.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम हे शिष्य बाहेर पडले आणि त्यांनी ‘प्रभात’ उभी केली. गुरूची कंपनी पुढे बंद पडली, शिष्यांचे नाव मात्र देशभर झाले. बाबूरावांनी १९३६ साली ‘सावकारी पाश’ बोलपट म्हणून पुन्हा केला. १९४७ साली शांतारामांच्या राजकमलसाठी ‘लोकशाहीर राम जोशी’च्या दिग्दर्शनात त्यांचा हात होता. ज्याला पडद्यावर उभे केले, त्याच्याच संस्थेत काम करताना त्यांना काय वाटले असेल, हे आपल्या गुरुजनांनाच अधिक कळेल. १६ जानेवारी १९५४ रोजी ते गेले. त्यांचे बहुतेक मूकपट आज पाहायला मिळत नाहीत.

म्हणून एक विनंती. आपल्या वर्गाच्या त्या फोटोमागे नावे लिहिलेली नाहीत आणि मागच्या रांगेतल्या तिघांची नावे मला आठवली नाहीत. मेळाव्याला नवा फोटो काढू, तेव्हा भर उन्हाऐवजी व्हरांड्याच्या सावलीत उभे राहू, म्हणजे कोणाचे डोळे मिटणार नाहीत. मधल्या खुर्च्या सरांच्या आणि बाईंच्याच. पण त्याआधी जुन्या फोटोमागे पेन्सिलीने सगळ्यांची नावे लिहून घेऊ. जे आज आपल्यात नाहीत, त्यांची सर्वात आधी.